व्हेल, सी लायन आणि सामनचं भांडण: थोडी पार्श्वभूमी

मुंबईहून कॅलिफोर्नियात मुलांकडे जाऊन आलेल्या आईबाबांच्या फोनमध्ये एक व्हिडिओ हमखास असतो, लांबवर व्हेलची शेपटी, समुद्रातल्या तरंगत्या बोयावर लोळणारे सी लायन (सीलसारखे समुद्री सस्तन प्राणी) आणि मागून "अगं तो बघ, तो बघ". आपल्याकडे मांडव्याच्या बोटीवर सीगलना खाऊ टाकण्यापलीकडे मजल जात नाही, तिकडे तिकीट काढून अख्खा दिवस यातच घालवतात. ही हौस तशी अलीकडची. १९५५ मध्ये सॅन दिएगोहून माणशी एक डॉलर घेऊन ग्रे व्हेल दाखवायला बोट निघायला लागली. त्याच्या शंभरेक वर्षं आधी तेलासाठी याच व्हेलची कत्तल चालली होती, आणि पिल्लावर बेतलं की आई होडीवर धावून यायची म्हणून शिकाऱ्यांनी नाव ठेवलं सैतानमासा. आपण म्हणतो देवमासा. देव की सैतान ते राहू दे, मासा तर तो नाहीच.

१९७२ च्या अमेरिकन कायद्याने समुद्री सस्तन प्राण्यांना मारणंच काय, छळणंही गुन्हा ठरवलं. फायदा सगळ्यात जास्त सी लायनना झाला, १९७५ मध्ये ९० हजारांच्या आत होते ते २०१४ पर्यंत अडीच लाखांवर गेले. आणि इथेच भांडण सुरू झालं, कारण ते अमेरिकेच्या वायव्येकडच्या कोलंबिया नदीत समुद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त आत पोहत जाऊन धरणाच्या पायथ्याशी सामन खायला लागले. (सामन म्हणजे आपला रावस नव्हे हं, बाजारात इंडियन सामन म्हणून खपवतात तरी दोघांचं नातं नाही.) सामन अंडी घालायला नदीत वर चढतो, धरणापाशी मासे वर जाण्याच्या वाटेवर त्यांची गर्दी होते, म्हणजे सी लायनसाठी ताट वाढलेलंच. सामनही धोक्यात आलेला, त्यामुळे २००८ मध्ये तिथल्या राज्यांना वर्षाला ८५ पर्यंत सी लायन मारायची परवानगी मिळाली, पण अट अशी की तोच प्राणी सामन खाताना दिसलेला हवा, म्हणून पकडून अंगावर नंबर डागायचे आणि मग पाळत ठेवायची. खटले झाले, परवानगी मध्येच अडकली, पुन्हा मिळाली. २०१८ च्या नव्या कायद्याने ओळख पटवायची अटच त्या पट्ट्यापुरती काढून टाकली, आणि २०२० च्या परवान्यात पाच वर्षांत कॅलिफोर्नियन जातीचे ५४० आणि स्टेलर या दुसऱ्या जातीचे १७६ असा आकडा आला. मच्छीमार आणि नदीकाठच्या मूळ जमातींची बाजू खोटी नाही, सामनवर त्यांचं पोट आणि परंपरा दोन्ही आहे, पण धरण बांधलं माणसाने आणि शिक्षा सी लायनला, हे काही केल्या पटत नाही.

गंमत म्हणजे त्याच २०१८ मध्ये महाराष्ट्राने उलटी योजना आणली, जाळ्यात डॉल्फिन, कासव, व्हेल शार्क असं काही संरक्षित सापडलं आणि कोळ्याने जाळं कापून सोडून दिलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई. व्हेल शार्क मात्र खराखुरा मासा, नावात व्हेल असला तरी.

तिकडे सी लायन वाढले, ग्रे व्हेलचं मात्र उलटंच झालं. १९९४ मध्ये धोक्याच्या यादीतून बाहेर काढले, २०१६ ला साधारण २७ हजार होते, आणि २०२५ मध्ये १३ हजारांच्या आसपास, आर्क्टिकमध्ये खायला कमी पडतं हे त्यातलं मोठं कारण. त्यामुळे हिवाळ्यात ट्रिपला जाणार असाल तर व्हेलची गॅरंटी धरू नका, बोयावरचे सी लायन तेवढे बहुतेक दिसतील.