फोटो शोधायचे तर शब्द हवेत: सॉफ्टवेअर निवडण्यामागची पार्श्वभूमी

‘इतक्या फोटोंसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा प्रश्न नागपुरात सध्या सगळीकडून येतो. ताडोबा-पेंचच्या फेऱ्यांनी हार्ड डिस्क भरलेले हौशी विचारतात, लग्नाच्या ऑर्डर घेणारे स्टुडिओवाले विचारतात, जुन्या कार्यक्रमांचे फोटो स्कॅन करायला काढलेल्या संस्थाही विचारतात. सगळ्यांना एखादं नाव हवं असतं. नाव सांगता येतं, पण गेल्या तीस वर्षांत अशी बरीच नावं आली आणि गेली, आणि जाताना लोकांनी मेहनतीने लिहिलेल्या नोंदीही घेऊन गेली. म्हणून आधी हे बघायला हवं, की फोटोला जोडलेले शब्द नेमके साठतात कुठे.

फिल्मच्या काळात महाल, इतवारी, सीताबर्डीतल्या स्टुडिओंचा कारभार रजिस्टरवर चालायचा. निगेटिव्ह पाकिटात, पाकिटावर नंबर, तोच नंबर रजिस्टरमध्ये आणि समोर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, साइज. आणखी कॉप्या हव्या असल्या की गिऱ्हाईक नंबर सांगायचं आणि निगेटिव्ह हाती लागायची. वर्तमानपत्रांच्या कचेरीत रीत वेगळी होती. तिथे प्रिंटच्या मागेच कॅप्शनची चिठ्ठी चिकटवलेली असायची: कोण, कुठे, कधी. रजिस्टर हरवलं की हजारो निगेटिव्ह असून नसल्यासारख्या. चिठ्ठी मात्र फोटो जाईल तिथे जायची. आजचं प्रत्येक फोटो-सॉफ्टवेअर या दोनपैकी एक रीत पाळतं, किंवा दोन्ही. निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारावा असं माझं ठाम मत आहे.

डिजिटल फाइलला चिठ्ठी चिकटवायची सोय बातम्यांच्या धंद्यातूनच आली. वृत्तसंस्था आणि वर्तमानपत्रांची आयपीटीसी ही आंतरराष्ट्रीय संघटना 1965 साली स्थापन झाली. तिने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला फोटोबरोबर पाठवायच्या माहितीचा साचा ठरवला. त्यात कॅप्शन, छायाचित्रकाराचं नाव, शहर, तारीख आणि कीवर्ड, म्हणजे फोटो शोधण्यासाठीचे शब्द, असे रकाने होते. त्या दशकाच्या मध्याला ॲडोबीच्या फोटोशॉपने हे रकाने जेपेग फाइलच्या आतच लिहायला सुरुवात केली आणि चिठ्ठी कायमची फाइलला चिकटली. त्याच सुमारास, 1995 साली, जपानी उद्योगाने एक्झिफ हा प्रकार आणला. शटर, अ‍ॅपर्चर, तारीख-वेळ अशी माहिती त्यात कॅमेरा स्वतःच लिहितो. एक्झिफ कामाचं आहेच, पण ते फोटो कधी आणि कसा काढला एवढंच सांगतं. फोटोत कोण आहे, ते माणसालाच लिहावं लागतं.

2000 नंतर घरोघरी डिजिटल कॅमेरे आले आणि फोटो सीडीवर जाऊ लागले. सीडीवर मार्करने ‘तान्हा पोळा 2’ असं लिहायचं आणि कपाटात ठेवून द्यायची. आत काय आहे ते कळायला सीडी ड्राइव्हमध्ये घालावीच लागायची. आयव्ह्यू मीडियाप्रो हे सॉफ्टवेअर नेमकं इथे उपयोगी पडायचं. डिस्क लावलेली नसली तरी तिच्यातल्या फोटोंची छोटी चित्रं आणि नोंदी ते दाखवायचं. 2006 साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं, नाव बदललं, 2010 साली ते फेज वन या कंपनीकडे गेलं आणि 2018 साली बंद झालं.

आपल्याकडे घराघरात पोहोचलं ते पिकासा. गुगलने 2004 साली ते विकत घेतलं आणि फुकट दिलं. संगणकावरचे सगळे फोल्डर ते आपोआप धुंडाळायचं आणि 2009 पासून चेहरेही ओळखू लागलं. मामा, आत्या, शेजारचे काका यांच्या चेहऱ्यांना नावं देत लोकांनी सुट्टीच्या सुट्ट्या घालवल्या. 2016 साली गुगलने पिकासा थांबवलं, तेव्हा फरक दिसला. जेपेगला दिलेले कीवर्ड पिकासाने फाइलच्या आत लिहिलेले होते, म्हणून ते आजही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. अल्बमची मांडणी, तारांकित केलेले फोटो आणि बहुतेकांनी दिलेली चेहऱ्यांची नावं मात्र पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत होती. चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये लिहायची सोय उशिरा आली आणि ती मुद्दाम सुरू करावी लागायची. नवीन संगणक घेताना ज्यांनी फक्त फोटो कॉपी केले, त्यांची ती सगळी मेहनत जुन्या डिस्कवरच राहिली.

दरम्यान ॲडोबीने 2001 साली एक्सएमपी हा नवा साचा आणला. जुन्या रकान्यांच्या मर्यादा त्यात नव्हत्या. कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या, फाइलमध्ये बाहेरून काही लिहिणं जोखमीचं असतं, म्हणून एक्सएमपी त्या फाइलशेजारी त्याच नावाची छोटी जोडफाइल ठेवतो. 2012 साली त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण-संस्थेचं मानांकनही मिळालं. पण आता एकच कॅप्शन एक्झिफ, आयपीटीसी आणि एक्सएमपी अशा तीन ठिकाणी राहू लागली. एका सॉफ्टवेअरने एक जागा बदलायची, दुसऱ्याने दुसरी वाचायची, आणि जुनं खरं की नवं ते कळायचं नाही. हा घोळ इतका वाढला की ॲडोबी, ॲपल, कॅनन, मायक्रोसॉफ्ट, नोकिया आणि सोनी यांना 2006 साली एकत्र गट करावा लागला आणि कुठली जागा आधी वाचायची याचे नियम लिहावे लागले.

ॲपलचं ॲपर्चर 2005 साली आलं, ॲडोबीचं लाइटरूम 2007 साली. वेचणं, कीवर्ड देणं, रंग सुधारणं हे सगळं या दोघांनी एका छताखाली आणलं. ॲपलने 2014 साली ॲपर्चरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. लाइटरूम टिकलं, पण 2015 ची सहावी आवृत्ती एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची ठरली आणि 2017 पासून त्याची नवी आवृत्ती भाड्यावरच मिळते. नागपुरातल्या लग्नाच्या स्टुडिओंत आज लाइटरूम सर्रास दिसतं आणि कामाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. लाइटरूम कीवर्ड स्वतःच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे रजिस्टरमध्ये ठेवतं. ते फाइलमध्येही आपोआप उतरवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. ती सुरू करावी लागते, नाहीतर फोटो निवडून कंट्रोल-एस दाबावं लागतं. कलेक्शन (निवडक फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (नवी फाइल न करता ठेवलेली त्याच फोटोची दुसरी आवृत्ती) तर कॅटलॉगबाहेर जातच नाहीत.

वृत्तछायाचित्रकारांनी वेगळी वाट धरली. फोटो मेकॅनिक 1998 पासून आहे आणि ते बराच काळ कॅटलॉग ठेवतच नव्हतं; जे लिहिलं ते थेट फाइलमध्ये. जामठ्याच्या स्टेडियमवर कसोटी चालू असताना पाच-दहा मिनिटांत फोटो कचेरीत पोहोचवायचा असतो. तिथे याची एक सोय फार कामाची आहे. सामन्याआधी खेळाडूंच्या जर्सी नंबरांची आणि नावांची साधी मजकूर-फाइल करून ठेवायची. मग कॅप्शनमध्ये दोन तिरप्या रेघांच्या मधे संघाचं अक्षर आणि नंबर टाकला की खेळाडूचं पूर्ण नाव, शुद्ध स्पेलिंगसह, आपोआप येतं. लग्नातही हे चालतं. दोन्हीकडच्या जवळच्या माणसांची यादी आधी मागून घेतली की ‘व3’ म्हणजे वराची आत्या, हे संगणकाला कळतं.

आता देवनागरीचा भाग, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण सॉफ्टवेअरची तुलना करणाऱ्या लेखांत हे येतच नाही.

युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकी पद्धत रुळण्याआधी डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपीसारखे फॉन्ट चालायचे. त्यांत टाइप केलेली मराठी कॅप्शन आतून रोमन अक्षरांच्या खुणाच असायची. योग्य फॉन्ट लावला की ती मराठी दिसायची. फोटोच्या रकान्यात फॉन्टची माहिती साठत नाही, त्यामुळे त्या काळी कॉपी-पेस्ट केलेल्या कॅप्शन आज निरर्थक अक्षरांची माळ होऊन दिसतात. अशा नोंदी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात. जुन्या संस्थेचा संग्रह हाती घेतला असेल, तर नवं सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे काम करावं.

युनिकोडनेही सगळं सुटलं नाही. आयपीटीसीच्या जुन्या साच्यात एका कीवर्डला 64 बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीचं अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीतला प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो; काना, मात्रा, हलन्त यांचेही प्रत्येकी वेगळे तीन. ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ हा कीवर्ड मोजला तर 59 बाइट होतो, म्हणजे जेमतेम बसतो. त्याला ‘सोहळा’ जोडला की मर्यादा ओलांडते आणि काही सॉफ्टवेअर तो मधूनच तोडतात. एक्सएमपीत ही मर्यादा नाही. म्हणून मराठीत कीवर्ड लिहायचे असतील तर सॉफ्टवेअर एक्सएमपीत लिहितं ना, हे आधी बघावं, आणि कीवर्ड आखूड ठेवावेत.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘पऱ्हाटी’ हा शब्द घ्या. वर्धा-यवतमाळकडच्या कापसाच्या शेतांचे फोटो असले की हा कीवर्ड लागतोच. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ वापरून, काहींवर साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक वापरून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. फोनवरून एकाने आणि संगणकावरून दुसऱ्याने कीवर्ड दिले की निम्मे फोटो शोधात येत नाहीत. यावर उपाय एकच: कीवर्ड दर वेळी नव्याने टाइप न करता ठरवलेल्या यादीतून निवडायचे.

ही यादी कशी रचायची, यावर सगळं काम उभं राहतं. लाइटरूम आणि फोटो मेकॅनिक दोघांनाही टॅब देऊन पायऱ्या पाडलेली साधी मजकूर-फाइल चालते: उत्सव, त्याखाली मारबत, त्याखाली काळी मारबत, पिवळी मारबत आणि बडगे. लाइटरूममध्ये महिरपी कंसात पर्यायी नावंही देता येतात. ‘सीताबर्डी’खाली ‘बर्डी’ आणि ‘सीताबल्डी’ लिहून ठेवलं की कोणी काहीही शोधलं तरी फोटो येतो. पायऱ्यांच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी पाळलेला एकच नियम अजून नाही. लाइटरूम पायऱ्यांसाठी वेगळा रकाना वापरतं, डिजिकॅम हे फुकट सॉफ्टवेअर स्वतःचाही ठेवतं आणि लाइटरूमचाही भरतं. पायऱ्या न कळणारं सॉफ्टवेअर नुसते सुटे शब्द वाचतं. तेवढं चालतं.

डिजिकॅमबद्दल थोडं सांगायला हवं. 2001 पासून केडीई या मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या समूहातले स्वयंसेवक ते घडवत आले आहेत. ते फुकट आहे, विंडोजवर चालतं, चेहरे ओळखतं आणि सांगितलं तर सगळं फाइलमध्ये लिहितं. सुरुवातीला बुजायला होतं, सेटिंग फार आहेत. पण दर महिन्याचं भाडं न परवडणाऱ्या वाचनालयाला, शाळेला किंवा मंडळाला मी तेच सुचवतो. त्याच्या जोडीला फिल हार्वे यांनी 2003 साली आणलेलं एक्झिफटूल ठेवावं. त्यात बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण फाइलच्या आत खरोखर काय लिहिलं आहे ते दाखवणारं याहून भरवशाचं साधन नाही.

2015 साली गुगल फोटोज आलं आणि अनेकांना वाटलं की कीवर्डची गरज संपली. ‘वाघ’ टाइप केलं की वाघ दिसतात, हे खरंच मोठं काम आहे. पण तो वाघ पेंचचा की उमरेड-करांडल्याचा, कुठल्या वाघिणीचा बछडा, मिरवणूक कुठल्या वर्षीची, दीक्षाभूमीवरच्या त्या फोटोत मंचावर कोण बसलं होतं, हे यंत्राला चित्रावरून कळत नाही. शिवाय तिथे लिहिलेलं वर्णन सगळे फोटो एकदम बाहेर काढताना वेगळ्या फाइलमध्ये येतं, फोटोत नाही. उच्च दर्जाच्या फोटोंची अमर्याद फुकट साठवणही 1 जून 2021 पासून थांबली. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला तर आतली माहिती गळून जाते. ती ठेवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

तर पैसे भरण्याआधी एक चाचणी करा. दहा-बारा फोटो घ्या, थोडे जेपेग, थोडे रॉ. त्यांना मराठी कीवर्ड द्या, त्यात ‘पऱ्हाटी’सारखा एक आणि ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’सारखा लांब एक ठेवा. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. कीवर्ड जसेच्या तसे दिसले तर ते सॉफ्टवेअर घ्यायला हरकत नाही. रॉ फोटोंचेच दिसले नाहीत, तर शेजारच्या एक्सएमपी जोडफाइली कॉपी करायच्या राहिल्या का ते आधी तपासा. बहुतेक वेळा कारण तेच असतं.