रक्त कमी आहे, पण कशामुळे?

‘अंगात रक्त नाही’ म्हटलं की आपल्याकडे लोहाच्या गोळ्या, बीट आणि खजूर सुरू होतात. पण दरवेळी दोष लोहाचाच असतो असं नाही. हे उमगायला ज्या संशोधनाची मोठी मदत झाली, त्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग होत होता आणि त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या दिसत. आहार निकृष्ट होता. विल्स यांनी यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, देऊन पाहिला आणि बायका सुधारल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं.

फोलेट आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वं डीएनए तयार होण्यासाठी लागतात. ती कमी पडली की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही, म्हणून मोठी राहते. लोह कमी असेल तर उलट, पेशी लहान होतात. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या आसपास एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ही ओळ असते, ती जरूर वाचा. साधारण ८० ते १०० हे प्रमाण ठीक मानतात. मात्र हा आकडा सरासरीचा आहे. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर लहान-मोठ्या पेशी मिळून तो अगदी व्यवस्थित दिसू शकतो.

बी-१२ फसवं आहे. यकृतात त्याचा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे कमतरता उशिरा जाणवते. तळपायाला मुंग्या येतात, जीभ गुळगुळीत होऊन झोंबते, अंधारात तोल जातो, विसरायला होतं. विरार-चर्चगेट उभ्याने प्रवास करणारा माणूस हे सगळं लोकलच्या माथी मारतो, आणि त्यात महिने जातात. याची मला खरी काळजी वाटते. त्यातच नुसतं फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचं गोळीतलं रूप, घेतलं तर रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. (गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेलं फोलिक ॲसिड मात्र मुळीच बंद करू नये.)

शाकाहारी मंडळी, साठीपुढचे लोक, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारे, यांनी जास्त जपायला हवं. फोलेट पालक, चवळी, मूग यांतून मिळतं. भाजी उकळून पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंचसं जातं. बी-१२ मात्र पालेभाजीत नसतंच. ते दूध, दही, अंडी, बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या) यांत असतं. दूधही न घेणाऱ्यांना गोळीला पर्याय नाही.

शोषणच होत नसेल तर डॉक्टर इंजेक्शन देतात. रक्त काही आठवड्यांत सावरतं, मज्जातंतूंना महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर ते पूर्ण सावरत नाहीत. केमिस्टकडून परस्पर कोर्स सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या. एकदा इंजेक्शन घेतलं की रिपोर्टमध्ये बी-१२ भरपूर दिसतं आणि मूळ कमतरता किती होती हे कळत नाही.