डीपीआय वेगळा, बिट वेगळे

जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या की सॉफ्टवेअर दोन आकडे विचारतं: डीपीआय किती, बिट किती? दोन्ही वाढवले की फाइल फुगते, म्हणून दोन्हींना सरसकट 'क्वालिटी' म्हणायची सवय लागते. मलाही होती.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके मोजले. ३५ मिमी फिल्मची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची. ३२०० डीपीआयला तिचे साधारण ४५३५ बाय ३०२४ ठिपके होतात. ६४०० केले की चौपट, पण ते आकड्यांत. घरगुती फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० छापलेलं असलं तरी त्याची लेन्स तेवढं बारीक क्वचितच टिपते. खात्री करायची तर ६४००ची फाइल निम्मी करा आणि पुन्हा मूळ मापाला न्या. शालूच्या काठाची जरतार आधीइतकीच दिसली, तर ते जादा ठिपके नुसते भरतीचे.

बिट म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग किती पायऱ्यांत मोजला. २४ बिटमध्ये लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. ४८ बिटमध्ये प्रत्येकी १६ बिट, म्हणजे ६५,५३६. तयार फोटोत हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि इथंच गफलत होते. निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुळातच कमी, त्यात रंगीत फिल्मची नारिंगी झाक निळा प्रकाश अडवते. समजा चित्राच्या वाट्याला २५६ पैकी ८५ पायऱ्याच आल्या; निगेटिव्ह उलटवून सरळ फोटो करताना त्याच पूर्ण पल्ल्यावर ताणाव्या लागतात आणि मधे फटी पडतात.

आईच्या गणपतीपुळ्याच्या फोटोत मला हे दिसलं. ६४०० डीपीआय, २४ बिट ठेवून निगेटिव्ह आहे तशी स्कॅन केली, नंतर संगणकावर उलटवली. समुद्रावरचं आकाश घाटाच्या पायऱ्यांसारखं पट्ट्यापट्ट्यांचं! मग ३२०० आणि ४८ बिट. पट्टे गेले, शिवाय फाइल १६५ एमबीवरून ८२वर आली.

फक्त ती टिफ (TIFF) प्रकारात ठेवा. जेपेग प्रत्येक रंगाला ८ बिटचंच असतं, तिथं सगळं मुसळ केरात.

कृष्णधवल असेल तर १६ बिट ग्रेस्केल पुरे. तेव्हा धूळ पुसणारं इन्फ्रारेडही बंद ठेवा: धुळीसारखीच फिल्मवरची चांदीही ते किरण अडवते आणि सॉफ्टवेअर आजोबांच्या मिशांनाच धूळ समजतं.