मुका मार आणि मार लागलेलं सफरचंद

अंधारात पलंगाच्या कडेवर नडगी आपटली की आधी नुसती कळ येते. रक्त नाही, ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना दिसतं, तिथे चांगलं काळंनिळं पडलंय.

इंग्रजीत याला 'ब्रूज' म्हणतात. शब्द जुना आहे, मुळात अर्थ 'चेचणे'. आपण म्हणतो मुका मार. गळवाला तोंड पडतं, या माराला तोंडच नसतं, म्हणून तो मुका, अशी माझी आपली समजूत.

कातडी शाबूत राहते, पण खालच्या केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आसपास झिरपतं. भुवईला लागलं तर ते उतरून डोळ्याखाली जमतं. मग साफसफाई सुरू होते. मॅक्रोफेज नावाच्या पेशी सांडलेल्या तांबड्या पेशी गिळतात आणि हिमोग्लोबिनमधलं हीम, म्हणजे त्यातला लोह असलेला भाग, मोडतात. त्यातून आधी हिरवं बिलिव्हर्डिन तयार होतं, त्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन. काविळीत डोळे पिवळे करणारं तेच हे. सुटलेलं लोह तपकिरी हिमोसिडरिन होऊन साठतं. जांभळा, हिरवट, पिवळट असे रंग पालटत साधारण दोन आठवड्यांत डाग जातो.

मारहाणीच्या प्रकरणात या रंगांवरून मार कधीचा ते काढायचा मोह होतो. पण वय, कातडीचा वर्ण, मार किती खोल यावर सगळं बदलतं. त्यातल्या त्यात भरवशाचं एवढंच की पिवळा रंग साधारण 18 तासांच्या आत दिसत नाही. आणि काही न लागताच अंगावर असे डाग उठत असतील, तर डॉक्टरांना दाखवावं.

गंमत म्हणजे इंग्रजी माणूस सफरचंदालाही 'ब्रूज' झालं म्हणतो. आपणही 'फळाला मार लागलाय' म्हणतोच. शब्द एकच, रसायन मात्र वेगळं. फळात रक्त कुठलं? दाबाने पेशी फुटतात, एरवी वेगळ्या कप्प्यांत असलेली फेनॉल द्रव्यं आणि पॉलीफेनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) एकत्र येतात, आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने गर तपकिरी पडतो. फोडींना लिंबू चोळलं की आम्लामुळे विकर मंदावतं.

फळात झाडलोट करायला मॅक्रोफेज नाहीत. तो डाग हिरवा-पिवळा होत निघून जात नाही. फळवाला ती बाजू खाली करून सफरचंद रचतो.