दहा-सातचा मिक्सर: एका आकड्यामागची पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावी काँक्रीटचा मिक्सर घ्यायला गेलेल्या नव्या ठेकेदाराला दुकानदार आधी एकच विचारतो, "दहा-सात की सात-पाच?" हॉपरवाला (माल उचलून ड्रममध्ये ओतणाऱ्या बादलीचा) की हातभरणीचा, इंजिनवर की मोटरवर, हे सगळं नंतर. तेच यंत्र एका पत्रकात '२०० टी' असतं, दुसऱ्यात '२८० लिटर' आणि तिसऱ्यात नुसतं 'वन बॅग'. तिन्ही नावं एकाच ड्रमची आहेत हे माहीत नसेल, तर २८० लिटरचा मिक्सर २०० लिटरच्या भावात मिळाला या आनंदात माणूस घरी येतो. या गोंधळाला सहा-सात दशकांचा इतिहास आहे. आज कोणता मिक्सर घ्यावा याचं उत्तरही बरंचसं त्यातच दडलेलं आहे.

फार मागे जायची गरज नाही. सिमेंटच्या आधी आपल्याकडे चुना होता, आणि तो मळायला घाणी होती: गोल दगडी चर, त्यात फिरणारं जड दगडी चाक आणि ओढायला बैल. वाडे, घाट, पूल त्या चुन्यावर उभे राहिले. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचं व्यापारी उत्पादन सुरू झालं आणि १९३०च्या दशकात मुंबईत आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या इमारती वाढू लागल्या. तरी छोट्या कामांवर पुढेही कित्येक वर्षं पत्र्यावर किंवा फरशीवर ढीग करून फावड्यानं माल मारण्याचीच रीत होती. मिक्सर असायचा तो मोठ्या ठेकेदाराकडे किंवा सरकारी खात्याकडे, आणि तो इंग्रजी मापाचा असायचा.

त्या मापात प्रत्येक यंत्राला दोन आकडे होते. पहिला सुक्या मालाचा, म्हणजे खडी, वाळू आणि सिमेंट वेगवेगळं मोजून ड्रममध्ये किती घनफूट टाकता येईल याचा. दुसरा ओल्या, मिसळून बाहेर पडणाऱ्या काँक्रीटचा. खडीच्या फटीत वाळू जाते, वाळूच्या फटीत सिमेंट जातं, त्यामुळे दहा घनफूट सुका माल टाकला की साधारण सात घनफूट काँक्रीट हाती येतं. हाच दहा-सात. त्याच्याखाली सात-पाच आणि पाच-साडेतीन, वर चौदा-दहा. ही पद्धत कामावरच्या माणसासाठी सोयीची होती, कारण मुकादमाला टाकायचं माप लागायचं आणि इंजिनिअरला निघणारं.

मग मेट्रिक आलं. वजनमापांचा कायदा १९५६चा, आणि १९६२पर्यंत जुनी मापं कागदोपत्री हद्दपार झाली. मिक्सरसाठीच्या भारतीय मानकानं, आयएस १७९१नं, दोन आकड्यांतला एकच ठेवला, तोही ओल्या काँक्रीटचा आणि लिटरमध्ये. कलता ड्रम असेल तर पुढे टी, न कलणारा असेल तर एनटी, उलटा फिरवून माल काढणारा असेल तर आर. १९८५च्या आवृत्तीत कलत्या ड्रमचे आकार ८५, १००, १४० आणि २०० लिटर असे आहेत. हे आकडे मनाने काढलेले वाटतात, पण २८.३ने भागून पाहा: तीन, साडेतीन, पाच आणि सात घनफूट. जुनेच ड्रम लिटरमध्ये लिहिले गेले होते.

बाजारानं मात्र घनफूट सोडलं नाही. खडी आणि वाळू आजही ब्रासनं येते, म्हणजे शंभर घनफुटांनी. स्लॅबचं क्षेत्रफळ चौरस फुटांत आणि जाडी इंचांत सांगितली जाते. सिमेंट गोणीनं, सळई किलोनं. अशा ठिकाणी एकटा मिक्सरच लिटरमध्ये बोलणार कसा? म्हणून पत्रकावर लिटर आणि तोंडी दहा-सात असा दुहेरी कारभार चालू राहिला. काही विक्रेत्यांनी सुक्या मालाचा आकडाही लिटरमध्ये छापायला सुरुवात केली, कारण २८० हा २००पेक्षा मोठा दिसतो. दहा घनफुटांचे २८३ लिटर होतात, त्यामुळे आकडा खोटा नाही. पण मानकातलं २८० म्हणजे चौदा-दहाच्या वर्गातलं मोठं यंत्र, आणि ते सात घनफूट नव्हे, दहा घनफूट काँक्रीट देतं. दोन कोटेशनं समोर ठेवून तुलना करताना 'हे लिटर सुके की ओले' हा प्रश्न आधी विचारायला हवा.

तिसरं नाव गोणीचं. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं तेव्हा गोणी परमिटवर मिळायची. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ साली पूर्ण. त्या टंचाईत कामावरचा हिशेब फुटांत नव्हे, गोण्यांत चालायचा: आज किती आल्या, किती फुटल्या, किती उरल्या. तसंही गोणी फोडून अर्धी वापरायची आणि उरलेली अंदाजानं टाकायची हे चुकीचंच, म्हणून एका घाण्याला, म्हणजे ड्रमच्या एका भरणीला, एक पूर्ण गोणी हा नियम पुस्तकातही होता आणि कामावरही. पन्नास किलोच्या गोणीत ३५ लिटर, म्हणजे साधारण सव्वा घनफूट सिमेंट बसतं. माप घेण्याचा फर्माही त्याच आकाराचा. एकास दोन, चार (एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी) या प्रमाणात सात फर्मे झाले, म्हणजे २४५ लिटर सुका माल. दहा घनफुटांत हा आरामात मावतो. त्या काळी घरांच्या आरसीसी स्लॅबला एकास दोन, चार, म्हणजे एम १५ (एम म्हणजे मिश्रण, पुढचा आकडा मजबुतीचा), हाच सर्रास माल होता. त्यामुळे दहा-सात आणि वन बॅग हे शब्द एकमेकांना चिकटले, आणि तेव्हा ते बरोबरही होतं.

ही जोडी मोडली ती २००० साली. साध्या काँक्रीटच्या आणि आरसीसीच्या कामाचा देशभरचा मुख्य दंडक म्हणजे आयएस ४५६. त्याच्या त्या वर्षीच्या आवृत्तीनं आरसीसीसाठी किमान दर्जा एम १५वरून एम २० केला. मिक्सरच्या खरेदीशी याचा संबंध वरवर दिसत नाही, पण माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या यंत्रावर एवढा परिणाम करणारा दुसरा निर्णय नाही. वाद तेव्हाही झाला. सळया गंजून सुटणारी प्लॅस्टरं आणि पंचवीस-तीस वर्षांत उघडे पडलेले स्लॅब एका बाजूनं दाखवले गेले. दुसरी बाजू खर्चाची होती. एका घनमीटरला दीडेक गोणी सिमेंट जास्त लागणार, म्हणजे पाच इंची हजार फुटांच्या स्लॅबला सतराच्या आसपास गोण्या वाढणार. घर बांधणाऱ्याला हा आकडा डोळ्यांत भरतो, तीस वर्षांनी येणारा गंज भरत नाही. आक्षेप समजण्यासारखा होता, टिकण्यासारखा नव्हता.

ड्रमचं गणित मात्र कुणी फारसं मांडलं नाही. एम २०ला एका गोणीमागे खडी-वाळू मिळून २५० किलो आणि पाणी ३० लिटर अशी मानकातली मर्यादा आहे. गोणीसकट वजन ३३० किलो, आणि काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं. म्हणजे एका गोणीचा घाणा सुमारे १४० लिटरचा. जुन्या एम १५ला हाच घाणा १७० लिटरच्या वर जायचा. आता २०० लिटरच्या ड्रममध्ये १४० लिटर माल फिरतो आणि ड्रम तीस टक्के रिकामा दिसतो. ड्रमपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते खटकतं, आणि तो चार घमेली खडी आणखी ढकलतो. त्याच्या दृष्टीनं त्यानं काम वाचवलं, कागदावर एम २० असलेला स्लॅब प्रत्यक्षात पुन्हा एम १५च्या रस्त्याला लागला. याला सगळे मुकादमाची लबाडी म्हणतात. मला तरी ती निम्मी यंत्राच्या मापाची करामत वाटते.

सात-पाचचं मानकातलं नाव १४० टी. एका गोणीच्या एम २०चा घाणा १४० लिटरचा, आणि एकास दीड, तीन या प्रमाणातला सुका माल १९२ लिटर, म्हणजे सात घनफुटांच्या आतच. हिशेबानं पाहिलं तर आजच्या घराच्या स्लॅबचा खरा वन बॅग मिक्सर सात-पाच आहे. बाजारात मात्र त्याला कुणी 'हाफ बॅग' म्हणून विकतो, कुणी मधलं यंत्र म्हणून, आणि तो ठेवणारे कमी. दहा-सातच घ्यायचा तर घाण्याला एक गोणी पक्की धरून ड्रम रिकामा दिसू द्यायचा, एवढं कामावर कुणीतरी ठामपणे सांगायला हवं. पायाखालच्या पीसीसीला, म्हणजे बिनसळईच्या साध्या काँक्रीटला, उलटा प्रकार होतो. एकास तीन, सहाचा एका गोणीचा माल ३५० लिटर होतो, तो दहा-सातात मावतच नाही, आणि तिथे अर्ध्या गोणीचाच घाणा करावा लागतो.

आयएस ४५६च्या त्याच २०००च्या आवृत्तीतल्या आणखी दोन अटी खरेदीच्या वेळी आठवाव्यात. मिक्सरला पाणी मोजण्याचं साधन असावं आणि मिसळणं निदान दोन मिनिटं चालावं. हॉपरवाल्या यंत्रावर पाण्याची टाकी येते खरी, पण काही महिन्यांत तिचा कॉक गंजतो आणि बादली किंवा थेट पाइप सुरू होतो. तीस लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. दोन मिनिटांची अट तर स्लॅबच्या दिवशी पाळलेली क्वचितच दिसते. पाच इंची हजार फुटांच्या स्लॅबला साधारण ८५ घाणे लागतात. भरणं, फिरवणं, ओतणं मिळून घाण्याला चार मिनिटं धरली तर पावणेसहा तास होतात. हे एका दिवसात बसतं, पण हॉपर असेल तरच. हातभरणीच्या यंत्रावर घमेल्यांनी ड्रम भरण्यातच वेळ जातो आणि तो फिरवण्यातून कापला जातो. हॉपरचा जादा खर्च मजुरी वाचते म्हणून केला जातो, मी तो या दोन मिनिटांसाठी करेन.

ड्रमच्या प्रकाराचा वाद आता संपल्यातच जमा आहे. न कलणारा, पन्हळीतून माल काढणारा जुना ड्रम सावकाश रिकामा व्हायचा आणि खडी मागे राहायची. कलता ड्रम एका झटक्यात ओततो आणि धुवायलाही सोपा, म्हणून छोट्या कामावर तोच उरला. महाराष्ट्रात त्याला लिफ्ट जोडण्याची टूम चांगलीच रुजली. खाली मिक्सर, शेजारी खांबांवर वर-खाली करणारी बादली, आणि तीन-चार मजल्यांपर्यंत घमेल्यांची साखळी नको. गावोगावचे स्लॅबवाले हे यंत्र माणसांसकट भाड्यानं देतात. वर्षाला पाच-सात स्लॅब असलेल्या ठेकेदारानं स्वतःचा मिक्सर घ्यावाच का, हा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो. लिफ्टसह भाडं परवडतं. रोजच्या जोत्या-बीमच्या कामाला मात्र घरचा छोटा मिक्सर लागतोच.

गोणीचा हिशेब जिथे मुळातच चालत नाही असाही मोठा पट्टा आहे. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला मानक एम ३० मागतं, आणि ठरीव प्रमाणाचा माल एम २०पर्यंतच चालतो. त्यापुढे मिश्रण तपासून ठरवावं लागतं आणि माल वजनानं घ्यावा लागतो. म्हणजे मुंबई, कोकण आणि गोव्यात फर्मा आणि दहा-सात ही जोडी नियमात बसतच नाही. तिथल्या वाड्यावस्त्यांवर ती सर्रास चालते, हेही खरं. वजनकाटा जोडलेले मिक्सर आणि वे-बॅचर (माल वजनानं मोजून देणारं यंत्र) याच गरजेतून आले. सरकारी निविदांत यंत्रांच्या यादीत वे-बॅचर दिसू लागला तसे तो घेणारेही वाढले.

शहरांची गोष्ट वेगळी झाली. पुण्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार काँक्रीटचा प्रयोग झाला, तो टिकला नाही. त्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईचे उड्डाणपूल आणि पाठोपाठ पुण्याचा द्रुतगती मार्ग आला, आणि आरएमसी हा शब्द ठेकेदारांच्या तोंडी बसला. वर सांगितलेला हजार फुटांचा स्लॅब म्हणजे जेमतेम बारा घनमीटर, सहा घनमीटरच्या दोन गाड्या. शहरात प्लँट जवळ असेल तर मिक्सर विकत घेण्याचं कारण उरत नाही. गावाकडे प्लँट चाळीस किलोमीटरवर, वाटेत घाट, आणि भरल्यापासून दोन तासांत माल उतरवायचा. बोळात गाडी शिरत नाही ती गोष्ट निराळीच.

या दोन टोकांच्या मधली जागा गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्वतः भरून घेणाऱ्या मिक्सरनं धरली. पुढच्या बकेटनं खडी-वाळू उचलतो, वजन करतो, चालता चालता मिसळतो आणि जागेवर ओततो. ग्रामीण काँक्रीट रस्ते, गटारं, कालव्यांची अस्तरं अशा लांबट कामांना तो चपखल बसतो. पण त्याची किंमत दहा-सातच्या कितीतरी पट आहे आणि त्याला वाहनासारखे नियम लागतात. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१पासून उत्सर्जनाचे कडक निकष आले, त्यानं इंजिनं महागली आणि दुरुस्ती गावच्या मेकॅनिकच्या हातातून गेली. साध्या मिक्सरचं एका सिलिंडरचं इंजिन मात्र हँडल मारून सुरू होतं आणि त्याचा पाना कुठेही मिळतो.

यामुळे जुन्या दहा-सातांना अजून गिऱ्हाईक आहे. सेकंडहँड घेताना रंगाकडे पाहू नये. ड्रमच्या आत हात घालून पाती किती झिजली आणि मागच्या भिंतीला किती काँक्रीट चिकटून दगड झालं आहे ते पाहावं. ड्रमभोवतीच्या दातेरी कड्याचे दात आणि त्यात बसणारा पिनियन तपासावा, रिकामा ड्रम फिरवून तो डोलतो का बघावं, मग एक गोणीचा घाणा प्रत्यक्ष काढायला लावावा. चिकटलेल्या काँक्रीटमुळे ड्रमचं माप आतून घटलेलं असतं, आणि ते कोणत्याही पत्रकावर लिहिलेलं नसतं.