बॅटरी ठणठणीत, तरी सेल्फ घेत नाही

ट्रक सेल्फ घेईना, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर चालेना, की क्लीनर पाना घेऊन खाली घुसतो, सेल्फच्या अंगावर दोन ठोके घालतो आणि ओरडतो, “मारा आता!” बऱ्याचदा गाडी सुरूही होते. मग ठोक्याची कीर्ती होते आणि दुखणं तसंच राहतं. खरं तर ठोक्याने एवढंच होतं, की झिजून आखूड झालेला कार्बन, म्हणजे मोटरचा ब्रश, हलून पुन्हा कम्युटेटरला (मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) टेकतो. किंवा सेल्फच्या पाठीवरच्या स्विचमधली तांब्याची चकती जळकी जागा सोडून जराशी बाजूला बसते. दोन्ही दुखणी घरच्या अंगणात बरी होण्यासारखी आहेत. पण लोक ठोका तरी मारतात, नाहीतर सरळ नवी बॅटरी तरी आणतात.

मोठ्या ट्रकमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. हेडलाइटचा एक बल्ब त्यातून तीनेक अँपिअर घेतो. सेल्फला लागतात काहीशे, आणि इंजिन अजून हललेलंच नसतं त्या पहिल्या क्षणी त्याहूनही बरेच जास्त. त्यामुळे ‘लाइट तर झकास लागतेय’ यावरून बॅटरी चांगली ठरत नाही, तशी सेल्फ फिरला नाही म्हणून ती वाईटही ठरत नाही. गंजलेल्या टर्मिनलवर किंवा चेसिसला नीट न टेकलेल्या अर्थिंगच्या केबलवर फक्त ०.०१ ओहम रोध आहे असं धरा. शाळेतला ओहमचा नियम लावला तर ३०० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट खर्ची पडतात. उष्णता होते ९०० वॉट, घरच्या इस्त्रीएवढी. सेल्फ मारल्यावर एखादं टर्मिनल चटका देत असेल तर रोग तिथेच आहे.

म्हणून मल्टिमीटर बॅटरीवर लावून २५ व्होल्ट दिसले की खूश होऊ नये. विश्रांतीतल्या बॅटरीवरचे व्होल्ट भुलवतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर (त्यावर बहुधा ३० हा आकडा असतो) धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा एखाद्या व्होल्टच्या वर गेला तर केबल पाहा. मग तेच ऋण खांब आणि सेल्फचं अंग यांच्यात. एवढं केलं तरी कित्येक बॅटऱ्या वाचतात.

बंपरला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बांधून गाडी सुरू राहते असं मानणाऱ्यांसाठी एक हिशेब. लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचली तर सुमारे पाऊण ते एक व्होल्ट खरोखर मिळतो, पण प्रवाह फार तर मिलिअँपिअरभर. २४ व्होल्टसाठी पंचवीस-तीस लिंबांची एक माळ धरली, तर ३०० अँपिअरसाठी अशा तीन लाख माळा लागतील. बंपरवर जागा पुरायची नाही. बॅटरीत टाकायच्या ‘पॉवर वाढवणाऱ्या’ पुड्यांवरही माझा लिंबाइतकाच विश्वास आहे.

आता सेल्फच्या पाठीवरची ती छोटी नळकांडी, सॉलेनॉइड स्विच. खरी गंमत तिच्यात आहे, आणि मेकॅनिक ती न उघडताच फेकतात याचं मला वाईट वाटतं. तिला दोन कामं असतात: आतला लोखंडी दांडा खेचून मोटरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मोठ्या जड चाकाच्या, दात्यांत अडकवायचं, आणि ते अडकल्यावर चकती बॅटरीच्या व मोटरच्या बोल्टांवर टेकवून मोटरला पुरा करंट द्यायचा. दांडा दूर असतो तेव्हा त्याला खेचायला जबर चुंबकत्व लागतं, कारण मधली फट वाढली की ओढ झपाट्याने घटते. तो आत येऊन टेकला की थोडक्या करंटवरही चिकटून राहतो. म्हणून आत दोन कॉइल गुंडाळलेल्या असतात: खेचणारी जाड तारेची, धरून ठेवणारी बारीक तारेची, पण वेढे दोघींना सारखे. ही सारखेपणाची अट लक्षात ठेवा.

किल्ली फिरवली की ५० क्रमांकाच्या टर्मिनलवरून करंट दोन्ही कॉइलमध्ये शिरतो. धरणारीचं दुसरं टोक थेट बॉडीला आहे. खेचणारीचं मात्र मोटरच्या टर्मिनलला जोडलेलं आहे, त्यामुळे तिचा करंट मोटरमधून बॉडीला जातो. तेवढ्याने मोटर हळूच वळते आणि दात्यात दाता सापडायला मदत होते. मग चकती बसते, मोटरच्या टर्मिनलवर बॅटरीचे पुरे व्होल्ट येतात. आता खेचणाऱ्या कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट! फरक नाही म्हणजे करंट नाही. ती आपली आपण बंद झाली, कुठलाही जादा स्विच न लावता.

किल्ली सोडली की काय होतं, त्यासाठी कागद-पेन्सिल घ्यावीच लागेल. ५० नंबरला वरून येणारा करंट तुटला, पण चकती अजून बसलेलीच आहे. करंट आता चकतीतून मोटरच्या टर्मिनलवर, तिथून खेचणाऱ्या कॉइलमध्ये उलट्या दिशेने, ५० नंबरला, आणि पुढे धरणाऱ्या कॉइलमधून पूर्वीच्याच दिशेने बॉडीला जातो. दोघी एकसरीत, म्हणून करंट एकच, वेढे सारखे, दिशा विरुद्ध. चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं आणि स्प्रिंग दांड्याला मागे फेकते. खेचणारीचे काही वेढे आपापसात शॉर्ट झाले तर ही वजाबाकी पुरी होत नाही, आणि किल्ली सोडल्यावरही सेल्फ घरघरत राहतो.

एवढं कळलं की आवाजावरून निदान करता येतं. एकच ठसठशीत ‘टक’ आणि पुढे शांतता असेल, तर दांडा आला पण चकती जळली आहे. ‘टकटकटक’ असेल तर चकती बसताच व्होल्ट कोसळतात, खेचणारी बंद झालेली असते, धरणारीला जोर पुरत नाही, दांडा सुटतो, व्होल्ट सावरतात, पुन्हा तेच. बॅटरी उतरली की असं होतं. पण धरणारी कॉइल तुटली असेल तर भरल्या बॅटरीवरही होतं. आणि ‘टक’सुद्धा नसेल? ५० नंबरला करंट येतोय का पाहा. येत असेल तर संशय कार्बनवर, कारण ते टेकलेले नसतील तर खेचणाऱ्या कॉइलचा बॉडीकडचा रस्ताच तुटतो. पान्याचा ठोका लागू पडतो तो बहुतेक इथे.

खोलायचं तर गाडी न्यूट्रलला, चाकांना ठोकळे, आणि आधी बॅटरीचं ऋण टोक सोडा. खाली झोपून पान्याने टर्मिनल ‘डायरेक्ट’ करणं साफ बंद. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावरून जाते. सेल्फ जड असतो, शेवटचा बोल्ट काढण्याआधी खाली टेकू द्या. स्विचमधली चकती पालथी करता येते. तांब्याचे बोल्ट एकाच बाजूने खाल्लेले असतील तर अर्धा फेरा वळवून कोरी बाजू पुढे आणता येते. कार्बन बदला, कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने पुसा, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) ढिले असतील तर नवे ठोका. आर्मेचरला (मोटरच्या तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाला) जळका वास असेल तर वाइंडिंगवाल्याकडे द्या.

परत बसवण्याआधी सेल्फ व्हाइसमध्ये आवळून क्षणभरच फिरवा. या मोटरीत फील्ड (स्थिर कॉइल) आणि आर्मेचर बहुधा एकसरीत असतात, बिनओझ्याची ती वेग वाढवतच जाते. शिवाय तिची बांधणीच काही सेकंदांच्या कामासाठी असते. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीसाठी विजेचा स्टार्टर बनवणाऱ्या चार्ल्स केटरिंगने आधी गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवली होती. थोडा वेळच चालायचं असेल तर लहान मोटरीकडूनही भरमसाट काम घेता येतं, हे त्याने तिथेच ताडलं होतं. दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारून झाल्यावर मिनिटभर थांबायचं ते याचसाठी.