बेदाणानिर्मिती (सांगली जिल्हा)

द्राक्ष बागायतदाराने खाण्याच्या द्राक्षांच्या जोडीला, किंवा त्यांच्या जागी, सुरू केलेला वाळवणीचा उद्योग. तासगाव, मिरज पूर्वभाग, कवठेमहांकाळ आणि जत हा त्याचा मुलूख. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. द्राक्षे वाळवायची शेड मुख्यतः पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात दिसतात, कारण फेब्रुवारी ते एप्रिल तिथली हवा कोरडी आणि वाहती असते.

उरलासुरला माल शेडवर टाकला की बेदाणा होतो, ही समजूत नव्याने उतरणाऱ्याला पहिल्याच वर्षी महागात पडते. माल बेदाण्याला की खाण्याला, हा निर्णय ऑक्टोबर छाटणीलाच, म्हणजे फळासाठीच्या छाटणीवेळीच, घ्यावा लागतो. खाण्याच्या मालाचे मणी फुगवायला जिब्रेलिक ॲसिड हे वाढीचे संजीवक जास्त देतात. त्याने साल जाड होते आणि मणी वाळायला वेळ घेतात. थॉम्पसन, तास-ए-गणेश किंवा सोनाका या वाणांचा घड २२ अंश ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) गोडी आल्यावरच काढावा. तेव्हा चार किलो द्राक्षांत किलोभर बेदाणा पडतो. १८ अंशाला घाई केली तर पाच किलो लागतात, शिवाय बेदाणा चपटा आणि हलका निघतो.

डिपिंगसाठी, म्हणजे वाळवण्याआधी घड द्रावणात बुडवण्यासाठी, १०० लिटर पाण्यात आधी अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट पूर्ण विरघळवून मग दीड लिटर डिपिंग ऑइल ढवळत ओततात. दूधाळ रंग आला नाही, तेल वर तरंगले, तर द्रावण फुकट. सामू (पीएच) ११ च्या आसपास हवा. क्रेटमधले घड दोन ते चार मिनिटे बुडवतात. सालीवरच्या मेणातून पाण्याला वाट मिळते. रस मिसळून द्रावण गढूळ झाले की बदलावे. इथली काटकसर पुढे काळ्या मण्यांत वसूल होते.

घड शेडमधल्या रॅकच्या, म्हणजे एकावर एक कप्प्यांच्या मांडणीच्या, जाळीवर एकेरी थरात पसरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच द्रावणाची, पण पातळ करून, फवारणी करतात. सावलीत साधारण १५ दिवसांत ओलावा १५ टक्क्यांवर येतो. हिरवा रंग टिकवायचा तर थेट ऊन नको. अवकाळी पावसात प्लॅस्टिकचे पडदे सोडतात, पण पाऊस थांबताच ते उचलले नाहीत तर आत वाफ कोंडून मणी तपकिरी पडतात, बुरशी धरते. स्वतःचे शेड बांधण्याआधी एखादा हंगाम भाड्याचा रॅक घेणे शहाणपणाचे.

काडी काढून, प्रतवारी करून माल शीतगृहात जातो आणि भाव पाहून सांगली किंवा तासगावच्या सौद्यात (लिलावात) निघतो. सौद्यात बॉक्स उघडून दाखवताना सांडणाऱ्या बेदाण्याला उधळण म्हणतात. ती शेतकऱ्याच्याच वजनातून जाते, म्हणून पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) हातात आली की तूट आधी तपासावी.